गोदेचे उतार : पडद्यावरून केलेला एक प्रवास

गेल्या वर्षी नाथषष्ठीच्या सुमारास भाच्याने घरच्या टीव्हीला फोन जोडून त्यावर उपग्रहाचा नकाशा लावून दिला. आई ऐंशीच्या घरात आहे. पाय साथ देत नाहीत, त्यामुळे तिचे बाहेर जाणे बंद झाले आहे. पैठणचे नाथमंदिर, घाट, गावातले बोळ तिने पडद्यावर पाहिले आणि म्हणाली, "आता माझं माहेर दाखव." तिचे माहेर पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या दक्षिण तीरावर होते. ते जायकवाडी धरणात गेले. भाच्याने नकाशा सरकवला. पडदाभर निळा रंग पसरला. आई थोडा वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, गाव बुडालं ते मला ठाऊक आहे. गंगेचा उतार कुठं होता, तेवढं सापडतंय का बघ. षष्ठीला आमच्या गाड्या तिथूनच पार व्हायच्या."

मी इतिहासाची पदवीधर नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिता लिहिता संध्याकाळच्या वेळी वाचत गेले. ब्राह्मी लिपीही पुस्तक समोर ठेवून शिकले. गोदाकाठची जुनी ठिकाणे मला बऱ्यापैकी माहीत आहेत, असा माझा समज होता. पण कोणत्या ठिकाणी नदी ओलांडता येत होती, हा प्रश्न मी कधी कोणत्याच ठिकाणाला विचारला नव्हता. आईचा प्रश्न हाती घेऊन मी त्र्यंबकेश्वरपासून बंगालच्या उपसागरापर्यंतची १४६५ किलोमीटरची गोदावरी पडद्यावरून पुन्हा पाहिली. उपग्रहाच्या चित्रांच्या जोडीला जुने नकाशे, कोरीव लेखांची वाचने आणि उत्खननांचे अहवाल घेतले. या प्रवासात जे दिसले ते असे : आपण या स्थळांना 'नदीकाठची' म्हणतो, त्यांतली पुष्कळशी खरे तर नदी ओलांडण्याच्या जागी वसलेली आहेत.

एका शब्दाचा माग

उतार म्हणजे नदी पायी किंवा गाडीने पार करता येईल अशी जागा. 'नदीला उतार पडला' असे आपण म्हणतो, तेव्हा पूर ओसरून वाट मोकळी झाली, असा अर्थ असतो. 'उतारू' हा शब्दही त्याच कुळातला. भोपळे किंवा होड्या एकत्र बांधून नदी पार करण्याचे साधन म्हणजे सांगड. आज सांगड फक्त विचारांची आणि हिशेबांची घातली जाते. संस्कृतातला 'तीर्थ' हा शब्दही 'तॄ' म्हणजे पार होणे या धातूपासून आला आहे. पाण्यात उतरण्याची, पलीकडे जाण्याची जागा हा त्याचा मूळ अर्थ. पावित्र्याचा अर्थ त्यावर नंतर चढला. म्हणजे आई ज्याला उतार म्हणत होती, त्याचेच जुने नाव तीर्थ.

घरबसल्या नदीची यात्रा घडवण्याची हौसही नवी नाही. ब्रह्मपुराणातले गौतमी माहात्म्य शंभराहून अधिक अध्यायांत गोदेच्या दोन्ही तीरांवरची तीर्थे एकामागून एक सांगत जाते. आपल्या मराठीत चौदाव्या शतकातली 'स्थानपोथी' आहे. चक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी राहिले, त्या ठिकाणांची ही नोंद. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, नदी कोणत्या अंगाला, स्वामी बसले ती जागा नेमकी कोणती, हे मुनिव्यासाने इतक्या बारकाईने लिहिले की, पुढच्या पिढ्यांतल्या माणसाला ती जागा शोधता यावी. आजच्या चौफेर चित्रांत गाभारा दिसतो, कळसही दिसतो. स्थानपोथीतल्यासारखी वाट मात्र सांगितलेली नसते.

उपग्रहाच्या चित्रात उतार ओळखायचा कसा? दख्खनच्या पठारावर गोदावरी काळ्या कातळावरून वाहते. जिथे पात्रात कातळ उघडा पडतो तिथे पाणी पसरट आणि उथळ असते, तळ टणक असतो. गाडीचे चाक रुतत नाही. एप्रिल-मे महिन्यांतली चित्रे पाहिली, तर नदी डोहांच्या माळेसारखी दिसते आणि दोन डोहांमध्ये फिकट, खडबडीत पट्टे दिसतात. दोन्ही तीरांवरून येणाऱ्या जुन्या गाडीवाटा अशा एखाद्या पट्ट्यापाशी समोरासमोर येऊन थांबल्या असतील, तर तिथे उतार असण्याची शक्यता बरीच मोठी. याची पडताळणी जुन्या नकाशांवरून करावी लागते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत उतार आणि नावेची जागा दाखवण्यासाठी वेगवेगळी चिन्हे असतात.

नाशिक : नावांचे दान

त्र्यंबकेश्वराला आपण लवकर ओलांडू. ब्रह्मगिरीखाली गोदावरी अजून ओहोळाएवढी आहे. तिथे उताराची गरजच नाही. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले मंदिर आणि कुशावर्त कुंड यांचे माहात्म्य उगमाचे आहे.

नाशिकच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरातली पांडवलेणी मात्र आपल्या विषयाच्या मुळाशी नेतात. एकंदर २४ लेणी. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात या लेखाचे वाचन दिले. मराठी वाचकाला वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचा ग्रंथ हाताशी आहे. हा लेख बहुधा गायींच्या, गावांच्या आणि लेण्याच्या दानासाठी सांगितला जातो. पण त्यात आणखी एक यादी आहे. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका या सहा नद्यांवर उषवदाताने फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या. लेखातला शब्द 'पुण्यतर' असा आहे. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने वाटसरूंना बसायला जागा आणि प्यायला पाणी यांचीही सोय केली. बर्णासा नदीवर तर त्याने 'तीर्थ' केल्याचा उल्लेख आहे. तीर्थ हे बांधायचे, करायचे काम होते, हे या एका शब्दातून कळते.

या सहा नद्यांत गोदावरी नाही. पारदा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, दाहानुका म्हणजे डहाणूची नदी. तापी तर आजही तापीच. याच लेखात भरुकच्छ, गोवर्धन आणि शूर्पारक इथल्या धर्मशाळांचाही उल्लेख आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि गोवर्धन हे नाशिकजवळचे गोदाकाठचे गाव. नकाशावर ही तिन्ही ठिकाणे आणि चार ओळखीच्या नद्या मांडल्या की, किनाऱ्याकडून घाटमाथ्याकडे येणारा व्यापाराचा रस्ता डोळ्यांपुढे उभा राहतो. या रस्त्यावर नदी आडवी येते. ती पार करून देणे हे लेणे खोदण्याइतके पुण्याचे काम मानले गेले आणि लेण्याच्याच भिंतीवर कोरले गेले.

या रस्त्यावर किती पैसा खेळत होता, त्याचा पुरावाही जवळच आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. रस्त्याचा धनी बदलला, रस्ता राहिला.

टोके आणि नेवासे : जिथे नद्या मिळतात

नाशिकखाली गोदावरी कादवेला भेटते ते नांदूर मधमेश्वर. इथल्या बंधाऱ्याच्या पाणथळीला २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. पुढे राघोबादादांनी अखेरचे दिवस काढले ते कोपरगाव आणि चांगदेवांच्या समाधीचे पुणतांबे. पडद्यावरून ही ठिकाणे पाहून आपण प्रवरेच्या संगमावर येतो.

टोके, प्रवरासंगम आणि गोदेपलीकडचे कायगाव ही एकमेकांसमोरची गावे. पेशवाईतले सिद्धेश्वराचे देखणे मंदिर इथे आहे. मंदिरावरून नजर जरा वर न्या. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा हमरस्ता नेमका इथेच गोदावरी ओलांडतो. पुलावरून धडधडत जाणाऱ्या ट्रकवाल्याला खाली घाट आहे, देऊळ आहे याच्याशी देणेघेणे नसते. पण तो आणि ते देऊळ एकाच कारणाने तिथे आहेत, असे मला वाटते.

संगमापासून प्रवरेच्या काठाने थोडे वर गेले की नेवासे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ते हे गाव; शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. याच गावाच्या लाडमोड टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. अश्मयुगातल्या हत्यारांपासून ताम्रपाषाण वस्ती, सातवाहनकाळ आणि थेट मध्ययुगापर्यंत, माणूस पुन्हा पुन्हा याच काठाला आल्याचे पुरावे मिळाले. सातवाहनकाळच्या थरात भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या मद्यकुंभांचे तुकडेही सापडले. समुद्र इथून दूर, मध्ये सह्याद्री. ही भांडी बैलगाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून, घाट चढून आणि नद्या ओलांडूनच आली असणार. प्रवरेकाठच्याच दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. चारही मिळून ६० किलोंहून जास्त वजनाच्या. त्यांतली एक बैलांचा रथ हाकणाऱ्या पुरुषाची आहे. बैल आणि चाक यांची या खोऱ्याशी असलेली जुनी ओळख त्या रथात दिसते.

पैठण : दोन रस्त्यांची गाठ

पैठणला आपण दोन नावांनी ओळखतो : सातवाहनांची राजधानी आणि एकनाथांचे गाव. तिसरी ओळख रस्त्याची आहे आणि ती या दोन्हींच्या तळाशी आहे.

पाली 'सुत्तनिपाता'च्या शेवटच्या भागात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला उत्तरेकडे निघतात. त्यांच्या वाटेवरची गावे क्रमाने दिली आहेत : पतिट्ठान, मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती. पहिले नाव पैठणचे. माहिष्मती म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते महेश्वर. तेही नर्मदा ओलांडण्याच्या जागी. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, अशी नोंद आहे. या गावांहून माल गाड्यांतून भडोचला जातो आणि वाट बिकट आहे, असेही तो सांगतो. पैठणहून जाणाऱ्या मालात अकीकासारखे मौल्यवान दगड होते.

आता नकाशा पाहा. पैठण गोदेच्या उत्तर तीरावर, तेर दक्षिणेला. तेरचे कापड भडोचला न्यायचे तर मध्ये गोदावरी ओलांडलीच पाहिजे. उत्तरेचा आणि दक्षिणेचा रस्ता जिथे नदीपाशी एकमेकांना भेटतो तिथे माल उतरतो, जकात बसते, बाजार भरतो, आणि राजाला राहायलाही तीच जागा सोयीची. पैठण राजधानी झाले म्हणून रस्ते तिथे आले, की रस्ते तिथे होते म्हणून राजधानी झाली? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

एकनाथांची षष्ठी फाल्गुन वद्यात येते. १५९९ मध्ये त्याच तिथीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. फाल्गुनात नदी आटलेली असते. दक्षिण तीरावरच्या गावांना गाड्या जुंपून सरळ पात्रातून पैठण गाठता येत असे. आईच्या आठवणीतला उतार हा असा, यात्रेच्या वाटेचा. बैल पाण्यात शिरायला कुरकुरत, तिचे काका पुढे होऊन काठीने तळ चाचपत आणि बायका लुगडी सावरत गाडीतच बसून राहत, असे ती सांगते.

या सगळ्यावर आज नाथसागर आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध, त्यामागे भरल्यावर साधारण ३५० चौरस किलोमीटरचा जलाशय. मराठवाड्याच्या शेतीला आणि शहरांना या पाण्याने काय दिले, हे मी सांगायला नको; त्याच पाण्यावर माझेही घर चालते. पण हिशेब लिहिण्याची सवय असल्याने जाणवते की, बुडालेल्यांच्या यादीत घरे आली, जमिनी आल्या, विहिरी आणि झाडे आली, देवळेही आली. उतार कोणाच्याच नावावर नव्हता, त्यामुळे तो कोणत्या यादीत आला नाही.

पडद्यावरचा प्रवास इथे अपुरा पडतो. उपग्रहचित्रांचा जो काळपट सहज चालवून पाहता येतो, तो १९८४ पासून सुरू होतो. तेव्हा धरण होऊन आठ वर्षे झाली होती. तो कितीही मागे नेला, तरी नाथसागर निळाच राहतो. अवर्षणाच्या वर्षी पाणी खूप खाली गेले की काही जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात, तेवढेच. त्याआधीचे खोरे पाहायचे तर कागदी नकाशांकडेच जावे लागते. अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात भारताचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. मला पहिला धागा मिळाला तो तिथे.

राक्षसभुवन : उतार चुकला तर

पैठणखाली ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगाव, आणि आणखी खाली दक्षिण तीरावर राक्षसभुवन. इथले शनिमंदिर प्रसिद्ध आहे. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी इथे जे घडले, ते नदी समजून घेतल्याशिवाय समजत नाही.

त्याच वर्षी निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले होते. आता तो औरंगाबादकडे परतत होता. वाटेत गोदावरी, महिना श्रावणाचा. निजाम स्वतः काही फौजेनिशी उत्तर तीरावर पोहोचला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण तीरावर राहिला आणि नदीला पूर आला. माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांनी नेमकी ही वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम पलीकडच्या काठावर होता, पण पूर आलेल्या नदीमुळे त्याला मदत पाठवता आली नाही.

पाठ्यपुस्तकात ही लढाई तरुण पेशव्याच्या कर्तबगारीची म्हणून येते आणि ते खरेच आहे. पण तिचे मैदान नदीने आखून दिले होते. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत, त्यामागे पंचांगाइतकाच नद्यांच्या उताराचाही हिशेब होता. पावसाळ्यात नदी ही भिंत असते. आश्विनात ती भिंत जागोजागी उघडते. पडद्यावर राक्षसभुवनची नदी पाहताना चित्र कोणत्या महिन्यातले आहे, हे तपासून पाहा. उन्हाळ्यातले चित्र पाहून ती लढाई कळणार नाही.

नांदेड ते राजमहेंद्री

नांदेड उत्तर तीरावर. १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाची फौज भाऊ कामबक्षाविरुद्ध हैदराबादकडे जाताना इथे आली, तेव्हा गुरू गोविंदसिंग तिच्याबरोबर होते. फौज पुढे गेली. गुरूंनी इथेच देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथला गुरुद्वारा उभारला. हे तीर्थही दक्षिणेच्या हमरस्त्यावर, नदीपाशी आहे.

तेलंगणात कोटिलिंगाल येथे सातवाहनांचा मूळ पुरुष सिमुक याची नाणी मिळाली आणि राजघराण्याचे मूळ पैठणला की खाली तेलंगणात, हा वाद रंगला. दोन्ही पक्षांची ठिकाणे गोदेवरच आहेत, हे विसरू नये. पुढे कालेश्वरमला प्राणहिता मिळते आणि नदीचे रूप पालटते. आता उताराची भाषा संपते, नावेची सुरू होते. राजमहेंद्रीला पात्र इतके रुंद आहे की, १९०० मध्ये खुला झालेला जुना रेल्वेपूल जवळजवळ तीन किलोमीटरचा आहे. त्याच्या खाली धवलेश्वरमला आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधला आणि त्रिभुज प्रदेशाची शेती बदलून टाकली. तिथून नदी फाटे फुटत समुद्राला मिळते.

वहीतली नोंद

परत येताना मी पुन्हा नाथसागरावर थांबले. अमेरिकी नकाशाचे पान मोठे करून छापून आणले होते. आईने सांगितलेल्या आजूबाजूच्या गावांपैकी तीन नावे त्यावर सापडली. दोन तीरांवरून आलेल्या दोन गाडीवाटा नदीपाशी समोरासमोर थांबत होत्या. मी तिथे पेन्सिलीने खूण केली आणि पान तिच्या मांडीवर ठेवले.

गोदाकाठच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल, तर त्यांना देवळाबरोबरच उताराविषयीही विचारा. त्याला नाव काय होते, कोणत्या महिन्यात पडे, कोणत्या तीरावरून कोणत्या बाजाराला लोक जात, नाव कोण चालवी, पूर आला तर निरोप कसा पोहोचे. उत्तर मिळाले की तारीख घालून लिहून ठेवा. पूल झाल्यावर उतार वापरातून जातो, धरण झाल्यावर जमिनीवरून जातो आणि मग तो फक्त अशा माणसांच्या आठवणीत उरतो. स्थानपोथी लिहिणाऱ्याने विचारून, चालून, पाहून लिहिले. आपल्याला निदान विचारता तरी येईल.

आईने चष्मा वर करून नकाशा जवळ घेतला. माझी खूण बराच वेळ पाहिली. मग बोटाने नदीच्या रेघेवरून थोडे पश्चिमेला सरकली.

"इथं नाही, जरा वर. तू दाखवतेस तिथं डोह होता. तिथं गाडी घातली असती, तर बैल बुडाले असते."

मी जुनी खूण खोडली आणि तिच्या बोटाखाली नवी केली.